जावईबापूंचे ओले झेंडू

रंगाच्या बाबतीत माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका बेशरम माणूस अख्ख्या वाशीम तालुक्यात दुसरा झाला नसेल. देवानं फुलांना जे रंग दिले, ते भाऊजींना कधीच पसंत पडले नाहीत. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल फिकट पिवळं उमलतं, हे आमच्या अनसिंगात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊजींनी ते तैलरंगात काढलं लालभडक, आणि वर त्याच्या सावलीत निळा ओतला. का, तर म्हणे त्या दिवशी ऊन फार होतं. जन्मभर उन्हात राबलेल्या आम्हाला उन्हाचा रंग ठाऊक नाही, आणि रिसोडला माडीवर बसून कुळांकडून शेती करवून घेणाऱ्या या गृहस्थाला तो कळलेला. काय बोलणार!

बोलता येत नव्हतं हीच तर पंचाईत. ते जावई. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण आमच्या घरात जावयाचं राज्य अबाधित होतं. दरवर्षी दिवाळीला ते एक पेटी घेऊन उतरायचे. तिच्यात कपड्यांचा एक जोड आणि बाकी मुंबईहून मागवलेल्या रंगाच्या नळ्या. वरणात हळद कमी पडली तर ताटाकडे असं बघायचे, की आई उठून मुकाट्यानं पुन्हा फोडणी करायची. एकदा विचारांच्या नादात त्यांनी हिरव्यानं भरलेला ब्रश आमच्या पांढऱ्या बैलाच्या शेपटीला पुसला. त्या शेपटीवरून मी बाजारात लोकांची बोलणी खाल्ली. घरी येऊन सांगितलं तर आबा म्हणाले, जावईबापूंना काही बोलू नको. रंग कालवायला त्यांना जवसाचं तेल लागायचं. भाकरीबरोबर चटणीवर घ्यायचं आमचं घाण्याचं तेल, ते फुलांच्या नरड्यात जायचं आणि आम्ही चटणी कोरडी खायचो.

त्या साली तुळशीचं लग्न लागलं आणि माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला, पाहायला लोक पुन्हा येऊ लागले. शांता काळी होती. सावळी म्हणून घरात समजूत घालायचो, पण चांगली तुकतुकीत काळी. पाहुणे पोहे खाऊन जायचे आणि पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप पाठवायचे. काहींची तर पत्रिका मागण्याआधीच जुळली नाही. पोरीनं हळूहळू मान वर करणंच सोडून दिलं होतं. आता मानोऱ्याचं एक चांगलं स्थळ येणार होतं, आणि हेही गेलं तर पुढं कोण येणार, या धास्तीनं आबांना झोप नव्हती. त्यांनी बेत ठरवला: फिकं गुलाबी पातळ, तोंडाला पावडर, आणि पाट खिडकीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात.

हे ऐकून दिवाळीपासून मुक्काम ठोकून बसलेले आमचे चित्रकार उठले.

"फिक्यात बसोता म्हनून तिचा रंग मरते, मामाजी," ते आबांना म्हणाले. "तिले रंगात बसवा."

आबांनी दात आवळले. बैठकीत खिडकीसमोरच्या भिंतीवर भाऊजींनी खडू-सरसाचा लेप दिलेलं तरट ठोकलं आणि त्यावर परातीएवढाले झेंडू काढायला घेतले. नारिंगी, कुंकवासारखे लाल, आणि सावल्यांत चक्क जांभळा! बैठकीत शिरलं की होळी पेटल्यासारखं वाटायचं. निम्म्या चित्रात जवसाचं तेल संपलं. जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आईनं गुपचूप बाटलीत तिळाचं तेल भरून दिलं. जवसाच्या तेलानं रंग वाळतो, तिळाच्या तेलानं वाळत नाही, हे त्या माउलीला काय ठाऊक? पाहुण्यांच्या दमणीचे बैल दारात येऊन उभे राहिले तरी झेंडू ओलेगच्च होते.

शांता गर्द हिरव्या पातळात, पावडर न लावता, भर उजेडात झेंडूंना पाठ करून खाली मान घालून बसली. पातळही भाऊजींनीच ठरवलेलं. मुलाचे वडील मोठे करारी, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ. ते मुलीऐवजी भिंतीकडेच बघत राहिले.

"असा झेंडू कुठी रायते बाप्पा?" म्हणत ते उठले, सगळ्यात मोठ्या फुलावर बोट दाबून पाहिलं, आणि परत बसता बसता सवयीनं मिशीला पीळ भरला.

अर्धी मिशी नारिंगी झाली. त्याच मिशीनं ते गंभीरपणे आमच्या शेताची चौकशी करू लागले. सांगणार कोण? आबांचा चेहरा उतरला, मी जमिनीकडे बघत बसलो, मुलगा ओठ चावत होता. स्थळ गेलंच, असं आम्ही धरून चाललो. एवढे सगळे गप्प का, म्हणून शांतानं मान वर केली. तिनं ती मिशी पाहिली आणि खळाळून हसली.

त्या बेताल नारिंगीपुढे ती काळीभोर पोर काय उजळली म्हणून सांगू! माझी बहीण इतकी सुंदर आहे हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. मुलानंही पाहिलं असावं.

"बाबा, मले पोरगी पसंत हाये," तो म्हणाला. "तुमी पयले मिशी पुसा."

पुढे म्हातारपणी आईनं भीत भीत भाऊजींना तेलाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "वासावरून तवाच समजलं होतं. पन तुमी हातानं देल्लं तेल, नाही कसं म्हनू?"

आता भाऊजी नाहीत. ते तरट मानोऱ्याला शांताच्या घरात आहे, आणि भिंतीला टेकू नका म्हणून ती अजून पाहुण्यांना बजावत असते. मागं गेलो होतो तेव्हा ती चहा करायला आत वळली, तसा मी मोठ्या झेंडूवर अंगठा दाबला. वरची साय फुटून आतला रंग लागला. झेंडूत जांभळा नसतो, हे माझं मत आजही कायम आहे. परतीच्या गाडीत अंगठा धोतराला पुसायला गेलो, पण पुसवला नाही. घर येईपर्यंत मूठ मिटून बसलो, आणि भाऊजींची फार आठवण आली.