मी ओ देईन ते नाव

"आरं, ही कसली स्वाती? ही तर आमच्या सोनारीची कचरी!"

तो माणूस एवढंच बोलला आणि सगळा वर्ग हसला. पन्नासेक पालक असतील. आईबाप हसले म्हणून मांडीवरची पोरंही हसली. मी सरबताचा ट्रे घेऊन मधोमध उभी होते. ट्रे ठेवायला जागा नव्हती.

परंड्याच्या एका इंग्रजी शाळेत मी नऊ वर्षं आया आहे. पोरांचे डबे उघडून देते, शेंबूड पुसते, रडणाऱ्याला कडेवर घेते. त्या दिवशी बालवर्गाचा कार्यक्रम होता, 'माझं नाव, माझा अर्थ'. भिंतीभर कागदाची फुलं लावली होती. प्रत्येक फुलावर पोराचं नाव, त्याचा अर्थ आणि ते कुठल्या भाषेतून आलं ते. आयेशा म्हणजे जगणारी, अरबी. शिरीन म्हणजे गोड, फारसी. आदित्य म्हणजे सूर्य, संस्कृत. एका रियांशच्या आईला मोबाईलवर तीन अर्थ सापडले होते, तिनं त्यातला सगळ्यात भारी उचलला होता. एका पोरीनं माझ्यासाठीही फूल केलं होतं. माझ्या गळ्यातलं कार्ड दाखवून तिनं तिच्या आईकडून लिहून घेतलं होतं, 'स्वाती मावशी. आकाशातलं नक्षत्र.' खोटं कशाला सांगू, ते फूल बघून मला बरं वाटलं होतं.

आणि तेवढ्यात तो बोलला. सोनारीच्या बड्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांच्याच रानात माझी आई खुरपायला जायची. त्यानं मला ओळखलं, यात त्याची काही चूक नाही. पण शाळेच्या मॅडम त्याच्याहून मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही हिचं नाव बदललं. लहान मुलांचं खाणं हिच्या हातून जातं, बरं दिसत नाही ना."

पालकांनी माना हलवल्या. मी सरबत वाटलं. एकूण एक पेला वाटला, त्यालासुद्धा दिला. मला त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या सरबत वाटण्याची जास्त चीड येते.

माझं नाव कचराबाई.

माझ्या आधी आईची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली. मी जन्मले त्या दिवशी सुईणीनं मला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं उचललं. मग आईनं तिला पसाभर ज्वारी देऊन मला विकत घेतलं. अशी रीतच होती. टाकून दिलेल्या पोरीवर मरणाची नजर जात नाही, असं आमच्याकडं मानायचे. आई सांगायची, "तुला लपवायला मला दुसरी जागा न्हवती गं माय." म्हणून कचरा. आणि पुढं बाई. आईनं मला एकदाही कचरी म्हटलं नाही. मी चार वर्षांची होते तेव्हाही ती बांधावरून पुरं नाव घेऊन हाक मारायची. गावानं बाई कापून टाकली. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांचीच नावं गाव असं कापायचं.

लग्न होऊन मी जळकोटला गेले. तिथं शेजारी तिपव्वा होत्या. व्यापाऱ्याचं घर, हातात सोन्याचे बिलवर, घरात कानडी बोलणं. एकदा पापड लाटताना त्यांनी माझं नाव विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, कानडीत तिप्पे म्हंजे उकिरडाच की! माझ्या आधी दोघं गेली व्हती. मलाबी उकिरड्यावर ठिवलेलं." मग पिठाच्या हातानंच त्यांनी माझा गाल धरला. मी त्या दिवशी पोटभर रडले. त्यांच्या नावाला सगळी पेठ वाकायची. माझ्या नावाला मात्र मीच लाजत होते.

नवरा वारला, जळकोट सुटलं. काम पाहिजे होतं. शाळेत लागले त्या आठवड्यात मॅडमनी कार्ड हातात दिलं. मी म्हणाले, "मॅडम, हे माझं न्हाय." त्या म्हणाल्या, "असू दे गं, छान आहे." मी गळ्यात घातलं. नऊ वर्षं घातलं.

गेल्या वर्षी आई गेली. आता माझं नाव पुरं घेणारं माणूस कुठंच उरलं नाही. आधार कार्डावर आहे, बँकेच्या पुस्तकात आहे, पण कुणाच्या तोंडात नाही. शाळा सुटली की मी खोलीवर येते, स्टोव्ह पेटवते, एकटीच्या दोन भाकरी करते. कधी कधी आईसारखी स्वतःलाच हाक मारून बघते. आवाज घोगरा निघतो. मग लाज वाटते आणि मी रेडिओ लावते.

कार्यक्रम संपल्यावर भिंतीवरची फुलं मीच उतरवली. वर्ग झाडला. फाटकातून बाहेर पडताना वर बघितलं. कमानीवर पितळी अक्षरांत शाळेचं नाव आहे, मॅडमच्या आजेसासऱ्यांचं. कैलासवासी दगडूराव. नऊ वर्षं मी काठीला फडकं बांधून त्या अक्षरांवरची कोळिष्टकं काढली होती. नीट वाचलं त्याच दिवशी.

दगडू. हे नाव हौसेनं कुणी ठेवत नाही. आधीची लेकरं गेलेली असतात, तेव्हा आई पोराला दगड म्हणते. मरणाला दगड नको असतो. म्हणजे त्यांची आई आणि माझी आई एकाच भीतीनं रडलेल्या. पण त्यांच्यामागं जमीन होती, म्हणून पुढं राव लागलं आणि कमान उभी राहिली. मी तिथंच उभी राहिले. दुःखानं नाही, रागानं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी ऑफिसात गेले. कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"माझं नाव कचराबाई हाय. तसं कार्ड द्या."

"वेडी आहेस का? पालक काय म्हणतील? शाळेला शोभतं का ते?"

"कमानीवर दगडूराव शोभत्यात."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळून बोल. ते आमचे मोठे आहेत."

"व्हय. म्हणून इचारते. त्यांच्या आधी किती गेली व्हती?"

त्यांना ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. घरात कुणी कधी विचारलंच नसणार. त्यांनी कार्ड माझ्याकडं सरकवलं. "हे घालायचं असेल तरच सोमवारी ये."

मी ते उचललं नाही.

आज रविवार आहे. पोरांच्या उरलेल्या पुठ्ठ्यातून मी एक चौकोन कापलाय. स्केचपेननं स्वतः लिहिलंय. 'कचराबाई. अर्थ: आधीची तिघं गेली, ही राहिली. भाषा: माझ्या आईची.' वर भोक पाडून सुतळी ओवली आहे.

उद्या मी हे गळ्यात घालून कमानीखाली उभी राहणार आहे. फाटक उघडलं तर आत जाईन, पोरांचे डबे उघडीन. नाही उघडलं तर दुसरीकडं भांडी घासीन, पण हेच गळ्यात घालून. स्वाती म्हणून कुणी कितीही हाका मारल्या तरी मी मागं वळून बघणार नाही.