पदरातले पाव

माझे यजमान सौदीतल्या ताइफच्या हॉस्पिटलात होते तेव्हा जेवणाचा ट्रे घेऊन ती यायची. वसईची ख्रिश्चन. मला ‘बाय’ म्हणायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पेशंटांनी हात न लावलेले पाव ती अ‍ॅप्रनमध्ये गुंडाळायची आणि तान्ह्याला थोपटावं तसा वरून हात फिरवायची. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपलेले, कामाविना अडकलेले मजूर मागच्या फाटकाशी उभे असत, त्यांच्यासाठी.

“पकडलं तर?” मी एकदा म्हटलं.

“जुन्या काळी पोर्तुगालची एक राणी होती, आम्ही तिला संत मानतो. गरिबांना लपवून पाव नेताना राजानं तिला अडवलं. तिनं पदर सोडला, तर आत गुलाब!”

“म्हणजे वाचली.”

“ती वाचली गं बाय. पण पावाची वाट बघणारे त्या दिवशी उपाशीच राहिले ना?”

पुढच्याच आठवड्यात सुपरवायझरनं तिला आमच्या खोलीच्या दारात अडवलं. तिनं अ‍ॅप्रन सोडला. खाली पावच पडले. “खलास,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रे घेऊन दुसरीच बाई आली. ताइफमध्ये गुलाबांचा हंगाम होता. खिडकी उघडली तर गावभर वास सुटलेला. मला त्याचा रागच आला. खाली फाटकाशी माणसं उभीच होती.