एका गुणाने जिंकलेली मॅच

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ताई गेली. मेलबर्नला, तिच्या घरी. तिच्या मुलाचा, निनादचा, फोन आला तेव्हा मी तोक्योत, कोतो भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली कचरा ठेवत होतो. तो म्हणाला, ‘‘मामा, आई गेली.’’ मी पिशवी कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली सरकवली आणि वर आलो.

त्यानंतर चार वर्षं गेली. पुढे जे लिहितो आहे ते या चार वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. निनादला तर नाहीच.

सुरुवात खेळापासून करावी लागेल, आणि तिथेच पंचाईत आहे, कारण हा खेळ आपल्याकडे कुणाला माहीत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लोक त्याला फुटी म्हणतात. अंडाकृती बॉल, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण मिळतोच. ताईला हे फार आवडायचं. ‘‘बघ,’’ म्हणायची, ‘‘चुकलं तरी एक देतात. आपल्या घरी कधी दिला होता कुणी?’’

ती लग्न होऊन तिथे गेली. मी शिकायला गेलो तेव्हा दोन वर्षं तिच्याकडे राहिलो. घरात सदैव पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मला तिने ओढत मैदानावर नेलं. मराठमोळी बाई, गळ्यात स्वतः विणलेला टीमच्या रंगाचा मफलर, आणि तोंडाने अखंड — ‘‘डोळे फुटले का रे तुझे, मेल्या!’’ पंचाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं होतं, तुझी बहीण प्रार्थना करते आहे का? मी हो म्हणालो. आमच्या टीमचं नाव सांगत नाही. त्यांच्यावर हसणारे आधीच पुष्कळ आहेत.

मग मी जपानला आलो. विद्यापीठात जुन्या बौद्ध ग्रंथांवर काम करतो. ताईचा भाऊजींशी काडीमोड झाला, निनादला फुटीत रस नव्हता, त्यामुळे मॅचबद्दल बोलायला तिला मीच उरलो. दर मार्चमध्ये तिचा फोन यायचा. ‘‘यंदा काहीतरी वेगळं आहे रे.’’ नवा कोच आहे, पोरं तयार दिसतात, तो उंच मुलगा गुडघ्यातून बरा झालाय. शेजारच्या मुलाला यंदा तरी बोर्डात चांगले मार्क पडतील अशा सुरात. पहिली मॅच हरली की वारा होता. दुसरी हरली की पंच. तिसरी हरली की ‘‘या सगळ्यांना घरी पाठवा, मी उतरते.’’ आणि चौथीच्या आदल्या दिवशी पुन्हा — अजून सीझन कुठे संपलाय? दरवर्षी हेच. मी तिच्यापेक्षा कमी मूर्ख नव्हतो. सुरुवातीला मीही हेच बोलायचो.

आमचा एक नियम होता. मला शनिवारी मॅच थेट बघता यायची नाही, मी नंतर रेकॉर्डिंग बघायचो. तोपर्यंत तिने स्कोअर सांगायचा नाही. पण ताईला तोंडावर ताबा नव्हता. नुसतं ‘‘हॅलो’’ म्हणाली तरी जिंकलो की हरलो ते कळायचं. एकदा मी त्यावरून चांगलाच फुगून बसलो. तेव्हा तिनेच ठरवलं : मी मॅच बघेपर्यंत ती फोनच करणार नाही. मी बघितली की एका शब्दाचा मेसेज पाठवायचा — ‘बघितली’. तो गेला की मिनिटाभरात फोन वाजायचा.

आता मुद्द्याकडे यायला हवं. मी टाळतो आहे, ते दिसतच असेल.

मी मॅच बघणं सोडून दिलं होतं. ती जायच्या दोनेक वर्षं आधीच. भांडण नाही, काही नाही — कंटाळा आला. ट्रेनमध्ये मॅचचा वृत्तांत वाचायचो, दोन-तीन नावं लक्षात ठेवायचो, आणि सवड असेल तेव्हा ‘बघितली’ पाठवायचो. ती तासभर बोलायची. मी ‘‘हो ना’’ म्हणायचो. आधी हा मेसेज रविवारी जायचा. मग सोमवारी. मग बुधवारी. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ताईचा फोन कधी यावा, यावा की नाही, हे त्या एका शब्दाने माझ्या हातात आलेलं आहे. जिने मला अक्षरं शिकवली तिला मी नळासारखी चालू-बंद करत होतो. वाईट वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. सोय वाटली.

त्या वर्षी पहिल्या तिन्ही मॅच हरलो. तिन्ही वेळा तिचं रडगाणं मी पूर्ण ऐकलं. तिसऱ्या वेळी ती मध्येच थांबून म्हणाली, ‘‘तू हल्ली चिडत नाहीस रे.’’

‘‘वय झालं,’’ मी म्हणालो.

‘‘माझं नाही झालं ते?’’

तिला संशय आला होता का? कुणास ठाऊक. मला मात्र ते वाक्य लागलं. पकडलं गेल्यासारखं झालं, आणि पकडला गेलेला माणूस पकडणाऱ्यावरच चिडतो.

चौथी मॅच शनिवारी झाली. सोमवारी कामावर जाताना मी ट्रेनमध्ये वृत्तांत वाचला. बरोबरी झालेली. भोंगा वाजून वेळ संपलेली, पण बॉल आमच्या खेळाडूच्या हातात, म्हणून शेवटची एक किक त्याची. त्याने मारली आणि नेम चुकला. बॉल बाजूच्या खांबांमधून गेला. एक गुण. आम्ही एका गुणाने जिंकलो — चुकून!

मी ट्रेनमध्ये हसलो, मोठ्याने. समोरच्या बाईने वर पाहिलं. ताईच्या जन्माचं सार्थक झालं असेल, हे मला त्या क्षणी माहीत होतं. हे नीट लिहितो, कारण इथेच सगळं आहे : मला माहीत होतं. ती घरात फोन हातात घेऊन बसली असेल, तिच्या पोटात मावत नसेल, आणि हे सांगण्यासारखा तिला या जगात एकच माणूस आहे — हेही माहीत होतं.

तिचा मेसेज रविवारीच येऊन पडला होता. ‘बघितलीस?’

मी लिहिलं, ‘नाही अजून. काही सांगू नकोस.’

का? मी स्वतःला बरीच कारणं देऊन पाहिली आहेत. लेख पुरा करायचा होता. मुलाची शाळा नुकतीच सुरू झाली होती. ती सगळी खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं एवढंच की ती थांबली आहे, या विचाराने मला बरं वाटत होतं. तीन आठवडे हरल्याचं ऐकवलंस, आता जिंकल्याचं ऐकवायला थांब जरा. एवढंच. इतकं क्षुद्र.

बुधवारी तिने लिहिलं, ‘अरे बघ ना! पोट फुटेल आता माझं.’ मी लिहिलं, ‘ट्रेनमध्ये आहे.’ मी ट्रेनमध्ये नव्हतो. कालव्याकाठच्या बाकावर कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेला भाताचा गोळा खात बसलो होतो, आणि माझ्यापाशी सबंध दुपार होती.

गुरुवारी — ‘मग ट्रेनमध्येच बघ की.’

‘ट्रेनमध्ये मी पुस्तक वाचतो, ताई.’

‘बरं बाबा. वाच तू.’

तो तिचा शेवटचा मेसेज. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ती पडली. हृदय.

इथवर असतं तर मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलं असतं. लोक म्हणाले असते, तुला काय ठाऊक होतं, असं होतं माणसाचं. पण त्यानंतर मी जे केलं ते माझ्या हातून होऊन गेलं नाही. ते मी केलं.

मी तिच्या घरी पोचलो. हॉल माणसांनी भरलेला, तिच्या खुर्चीच्या पाठीवर मफलर. निनाद माझ्याजवळ येऊन बसला. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मराठी त्याला येतं, पण रडताना इंग्रजी यायचं. त्या दिवशी तो मुद्दाम मराठीत बोलला.

‘‘मामा, ती पूर्ण आठवडा हसत होती. किचनमध्ये एकटीच. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, आधी मामाला सांगणार. त्याला बघू दे.’’ मग त्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘तिने सांगितलं ना तुला? यू गाइज टॉक्ड, राइट?’’

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, ‘‘हो. गुरुवारी. बराच वेळ बोललो.’’

आणि मग थांबलो नाही. ती कशी हसली ते सांगितलं. पंचाला काय म्हणाली ते सांगितलं. तिचा आवाज काढून दाखवला, लोक रडता रडता हसले. शेवटी मी म्हणालो — हे कुठून आलं, मला आजही कळत नाही — म्हणाली, निनादला एकदा घेऊन जाणार आहे मॅचला, ओढत नेईन.

निनादने मफलर उचलून तोंडावर धरला.

त्याला बास्केटबॉल आवडायचा. पुढच्या सीझनला त्याने टीमची मेंबरशिप घेतली. आता दर आठवड्याला तो मैदानावर जातो, तिचा मफलर घालून. मार्च आला की मला फोन करतो. ‘‘मामा, यंदा काहीतरी वेगळं वाटतंय.’’ आणि दरवर्षी एकदा तरी म्हणतो, ‘‘आई त्या दिवशी काय म्हणाली होती ते सांग ना परत.’’ मी सांगतो. न बोललेलं बोलणं मला आता पाठ झालं आहे. गेल्या वर्षी एक वाक्य गाळलं, तर त्याने आठवण करून दिली.

आपल्या आईचं म्हणून तो जे जपतो आहे ते तिचं नाही, माझं आहे. तिचं जे होतं — आठवडाभर किचनमध्ये एकटीने साठवलेलं — ते काय होतं, कुणालाच माहीत नाही. ते ऐकणारा माणूस ‘नाही अजून’ म्हणाला होता.

यंदाचा सीझन सुरू झाला आहे. पहिल्या दोन्ही हरलो. मी आता प्रत्येक मॅच बघतो, त्याच दिवशी, शेवटच्या भोंग्यापर्यंत, आणि लगेच निनादला ‘बघितली’ असं पाठवतो. ते खरं असतं.

ती चौथी मॅच मी अजून बघितलेली नाही.