भिमाबाईंचा तळ

भिमाबाईंना त्र्यंबकेश्वरच्या कोणा बाबाने जलसाधना दिली, ही बातमी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत दुधाच्या पिशव्यांच्याही आधी पोचली. पुरावा होताच. रोज सकाळी तरणतलावाच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात बसून, नाक चिमटीत धरून, बाई गाल फुगवत होत्या.

आता भिमाबाई आणि बाबा! विहारातली वंदना कधी न चुकवणारी आणि बाबालोकांना दारातूनच वाटेला लावणारी ही बाई. खरं दुखणं कानाचं होतं.

झालं असं, की एकलहऱ्याच्या वीज केंद्रातलं कॅन्टीन सांभाळून भिमाबाई निवृत्त झाल्या आणि मोबाइलवर समुद्राच्या तळाचे व्हिडिओ बघायला लागल्या. पोलादी गोळ्यासारखी पाणबुडी, आत दाटीवाटीने बसलेली तीन माणसं, बाहेर मिट्ट काळोख आणि दिव्याच्या झोतात अचानक काचेसारखा मासा.

"त्या गोळ्यात आपल्याला कोण घेतंय?" त्या सुनेला म्हणाल्या, "पण संजना, मालवणात पाठीवर हवेची टाकी बांधून खाली नेतात म्हणे."

गेल्या दिवाळीत गेल्याही. कमरेला शिशाचा पट्टा, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. दहा-बारा फूट खोल जातात न जातात तोच कानात दाभण खुपसावी तशी कळ आली. बाई होडीत, तळ तळाशीच. परतल्यावर इस्त्रीवाल्या दत्तूने "भिमाताई, बुडी मारली की नुसतं तोंड धुतलं?" असं विचारून गल्लीची भरपूर करमणूक केली. बाईंना ते लागलं. पण त्याहून जास्त लागला तो न दिसलेला तळ.

खाली नेणारा राकेश निघताना म्हणाला होता, "मावशी, तुम्ही दुखल्यावर नाक दाबलंत. दुखायच्या आधीच दाबायचं, हळूच फुंकायचं. हातभर खाली गेलं की पुन्हा." ही ती साधना!

मार्चमध्ये पुन्हा होडी, पुन्हा पाण्यात सोडलेला दोर. हातभर खाली, नाक दाब, फुंक. कानात टक्क झालं की पुढचा हात. मागच्या वेळी जिथून परतल्या ती जागा कधी वर राहिली, कळलंच नाही. पाय वाळूला लागले. समोर पिवळ्या पट्ट्यांचे मासे लग्नातल्या वऱ्हाडासारखे, काही काम नसताना इकडून तिकडे मिरवत होते. भिमाबाईंना हसू फुटलं, काचेत थोडं खारं पाणी शिरलं. त्यांनी ते शिरू दिलं.

परत आल्यावर दत्तूने आपल्या इस्त्रीच्या टपरीपाशी गाठलंच. इस्त्रीचे कपडे न्यायला आलेले चार-पाच जणही रेंगाळले.

"भिमाताई, खरं सांगा. या वयात एवढा खटाटोप करून खाली असं मिळालं तरी काय?"

भिमाबाई म्हणाल्या, "दत्तू, तिथे प्रत्येकाच्या तोंडात नळी असते. इतकी गप्प गल्ली मी जन्मात पाहिली नव्हती."