मारिसेलचा आकाशकंदील

बातमीदाराला पलंगावर आडवं पाडलं, तरी किस्से त्याला शोधत येतातच. खुब्याचं हाड मोडून मी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात पडलो होतो. वॉर्ड सगळा फिलिपिनो नर्सेसच्या जिवावर चालायचा, आणि त्यांची म्होरकी मारिसेल.

*

ऑपरेशनची सकाळ. मी रात्रीपासून उपाशी. मारिसेल गोड हसून म्हणाली, "जेवलात का, सर?"

थट्टा! मी तिथल्या तिथे तक्रार सुरू केली. तिने समजावलं, की त्यांच्याकडे माणूस भेटला की हेच विचारतात. आमच्या साताऱ्यातही हेच विचारतात. पण सुरू केलेली तक्रार मागे घेणं माझ्या स्वभावात नाही. मी ती चहाकडे वळवली.

*

एकदा चष्मा कुठे आहे विचारलं. मारिसेलचे दोन्ही हात गुंतलेले. तिने माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला. बायको शेजारीच बसलेली! चष्मा माझ्या उशीमागे होता, पण ते ऐकतंय कोण?

तासाभराने एका दाढीवाल्या नर्सने तसाच चंबू करून मला टॉयलेटची दिशा दाखवली, तेव्हा कुठे संसारात शांतता झाली.

*

बायकोने निघताना शेकहँडसाठी हात पुढे केला. मारिसेलने वाकून तो स्वतःच्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना त्यांचा हा नमस्कार.

हिने हात तसाच ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, ताप नाहीये हिला."

*

सप्टेंबर लागला की यांचा ख्रिसमस सुरू. मारिसेलने खिडकीत चांदणी टांगली. बांबूची, रंगीत कागदाची, खाली शेपट्या. वडिलांनी घरी बनवून पाठवलेली. यंदाही रजा नाकारलेली, म्हणजे तिचा ख्रिसमस तेवढाच.

मॅनेजरबाई आल्या. डिसेंबरआधी ख्रिसमसची सजावट नाही, नियम आहे, उतरवा. मारिसेल मुकाट्याने स्टुलावर चढली.

माझं डोकं फिरलं. बारा महिने यांना राबवता आणि एक चांदणी खुपते? मी ओरडलो, की हा आमचा आकाशकंदील आहे. आत्ता गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. धार्मिक बाब आहे, हात लावाल तर पेपरात छापीन!

बाई मला ओळखून होत्या. त्यांनी थेट बायकोला विचारलं. हिने जन्मात कधी माझी री ओढलेली नाही. हिने एकदा कंदिलाकडे पाहिलं, एकदा स्टुलावरच्या मारिसेलकडे.

"हो, आमचाच," ही म्हणाली. "फार कडक असतं आमच्यात."

बाईंनी माफी मागितली. कंदील राहील म्हणाल्या. मारिसेलने डोळे मिटले आणि सुटकेने छातीवर क्रुसाची खूण केली.

बाईंनी वळून हिच्याकडे पाहिलं.

"आमच्यात चालतं," ही म्हणाली.