देवगडला निघालेले मामा

एकटं राहण्याची इतकी दांडगी हौस आणि त्या कामी इतकं सपशेल अपयश, हे दोन्ही एकाच माणसाच्या कुंडलीत घालणारा ब्रह्मदेव नक्की मालवणी असणार. असला खवचटपणा दुसऱ्या कुणाला सुचायचा नाही. तो माणूस म्हणजे माझे धाकटे मामा. जन्मभर मालवण तालुक्यात गुरांचे डॉक्टर म्हणून राबले. जेवणाच्या ताटावरून उठून म्हशी सोडवल्या, स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरायच्या आधी एका बैलाला टोचून आले. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार असतानाच त्यांनी जाहीर केलं, "आता माझो एकट्याचो एक दिस व्हयो माका." तो दिवस कसा, तर सकाळी मालवणातून गाडी काढायची, समुद्र डाव्या हाताला ठेवून रमतगमत निघायचं आणि आचरा, मिठबाव, कुणकेश्वर करत संध्याकाळी देवगडच्या दीपगृहापाशी घडीची खुर्ची टाकून सूर्य बुडताना बघायचा. बरोबर कोणी नको, मामी तर मुळीच नको. बिचाऱ्याने काय ताजमहाल मागितला होता?

पण आमच्याकडे ओळखीच्या दारावरून चहा न घेता पुढे जाणं म्हणजे उघड वैर. आणि मामांच्या ओळखीचं दार नाही असं घर मालवण ते देवगड शोधून सापडणार नाही. यावर त्यांनी उपाय काढला, सोमवारी निघायचं. सोमवारी कुणाकडे मासे नसतात, म्हणजे जेवायला थांब म्हणायला कुणाला तोंडच उरत नाही. काय डोकं! पहिल्या सोमवारी काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबोळ्या तीन घरी खाऊन मामा दुपारीच परत आले आणि संध्याकाळपर्यंत पोट धरून झोपले. मामींनी तेव्हापासून नेम ठेवला. मामा निघाले की त्या डब्यात काही देत नसत. फक्त म्हणत, "जावा, जावा. पाच वाजता फोन करीन तो आचऱ्याक, देवगडाक न्हय."

त्यात त्यांची ती गाडी. पिकल्या पपईच्या रंगाची, चौकोनी, आणि डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. प्रत्येक वळणावर मामांची दवंडी पिटली जायची आणि हातातलं काम टाकून लोक रस्त्यावर यायचे. मग मामांनी वेषांतर केलं. मोटारीत हेल्मेट घालून बसले! हेल्मेटची काच खाली ओढून, ताठ मानेने, समोर बघत. कोळंबचा पूल ओलांडून वळले मात्र, हॉर्न बोंबलला आणि रोझीबाय फाटकातून धावत आली. ही त्यांची जुनी गिऱ्हाईक, तिच्याकडे दोन गायी आणि एक डूख धरणारा बोकड. खिडकीत वाकून म्हणाली, "दोतोरानू, गाडयेत पाऊस पडता काय?" हेल्मेट काढल्याशिवाय चहा पिता येत नाही, हे मामांना तिच्या पडवीत बसल्यावर कळलं.

त्यातल्या त्यात लांब पोचले ते मुणग्यापर्यंत. सूर्यास्तासाठी खास इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तिथे एकाची गाय अडलेली. मामांनी बाही वर केली, आणि सूर्य बुडाला तेव्हा त्यांचा हात खांद्यापर्यंत कुठे होता ते सांगत नाही. पाडी झाली. मामींनी शर्ट काठीने उचलून बादलीत टाकला. "तुझो मामा देवगडाक जावन इलो बघ," त्या मला म्हणाल्या. मी हसत सुटले, तर मामा चिडून गरजले, "हसतंस काय गो? एक दिस मी पोचतलंय. बघ तू!"

आणि पोचले. मागच्या वर्षी त्यांच्या मुलाने पपई भंगारात काढून नवी गाडी पाठवली. पांढरीधोप, मुंबईची पाटी, काळसर काचा, आवाज म्हणून नाही. ती घेऊन मामा पहिल्यांदा निघाले त्या सोमवारी मी मामींकडेच होते. पाच वाजता फोन लावला तर मामा म्हणाले, "देवगड!" मामींनी साखर वाटली. मामा रात्री घरी आले आणि चपला काढून पडवीतच बसले. मला वाटलं, गाडी कुठे ठोकली.

"रोझीबाय रस्त्यार होती," मामा म्हणाले. "धूळ उडाली म्हणान नाकाक पदर लावन उभी रवली. माझ्याकडे बघूक पण नाय."

"मग तुला तेच हवं होतं ना?" मी म्हटलं.

"आचऱ्याक बाबलो इलो. त्याच्या म्हशीक मी दोनदा मरणातून काढलंय. काच वायच खाली केलंय तर म्हणता कसो, 'सर, रूम पाहिजे का? एसी, नॉन एसी दोन्ही आहेत.' माका! सर म्हणालो गो माका!"

मामींनी उठून चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात मामा कुडाळला माझ्याकडे आले, हातात पिशवी. भंगारवाल्याच्या ढिगातून त्यांनी पपईचा हॉर्न शोधून काढला होता. आम्ही गॅरेजमध्ये गेलो. डावीकडे वळलं की हा आपोआप वाजला पाहिजे, असं मामांनी मेकॅनिकला सांगितलं. त्याने हॉर्न उलटासुलटा करून बघितला. "काका, ह्यो बिघाड आसा. बिघाड काढूक माणसां येतत, बसवूक नाय." मामा म्हणाले, "माका व्हयो. बसव." मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण गॅरेजमध्ये तसं करत नाहीत.

परवाच्या सोमवारी पाच वाजता मी सहज फोन केला. मागे कोंबड्यांचा कलकलाट, कपबश्यांचा आवाज आणि रोझीबाय कुणावर तरी ओरडत होती.

"मामा, कुठे पोचलास?"

"कोळंबाक."

म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी निघालेला माणूस!

"आणि देवगडचा सूर्यास्त?"

"बघलंय गो एकदा," मामा म्हणाले. मग चहाचा घोट घेतला असावा. "बरो असता. पण थंयसर कोणच नव्हता."