चार काळे

आमचे सासरे हौशीराम. सगळं टाकवे गाव त्यांना आबा म्हणतं. तसा देवमाणूस, पण चिंचोक्यांचा पट मांडला की असा खडूस माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. सहा वर्षांच्या नातीलासुद्धा डाव सोडत नाहीत! मी म्हटलं, "आबा, हरा की एकदा मुद्दाम." तर म्हणतात, "मी हरत बसलो तर पोरगी मोजंल कशाला?"

उभा जन्म रेल्वेत गेला त्यांचा, खंडाळ्याच्या घाटात. हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत चालायचं, आणि काम नसलं की गँगच्या खोपटात पट खेळायचा. रिटायर झाले तेव्हा चिंचोक्यांची पुरचुंडी तेवढी जपून घरी आणली. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. असे चार तुकडे टाकायचे, जितके पांढरे वर येतील तितकी घरं सोंगटी मधल्या घराकडे चालवायची. आणि चारही काळे पडले की आठ! त्याहून मोठं दान नाही.

आमची सृष्टी पहिलीत गेली आणि आकडे म्हटलं की तिच्या पोटात दुखायला लागलं. ह्यांनी, म्हणजे कैलासने, फर्मान काढलं, "दिवाळीपर्यंत सुधारली न्हाई तर निगडीला ताईकडं ठिवायची. तिथली शाळा, तिथलं क्लास." अजून माझा पदर धरून झोपते हो ती.

आबांनी ओसरीच्या फरशीवर कोळशाने पट आखला, नातीला सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे दिले, स्वतःला खडे घेतले. "तीन पडलं. दोन घरं हिला चालीव, मग दुसरीला उरलं किती? माझा खडा मारायला तुला किती पायजे?" पोरगी बोटं मोजत, ओठ चावत हिशेब करायची. आठवड्याभरात आबांचा खडा मारून अशी नाचली की शेजारची सरूबाई बघायला आली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे!

कसलं काय. शाळेत अनघाबाईंनी मुठीत खडे लपवून किती ते ओळखायचा खेळ घेतला. एकदा रिकामाच हात उघडून विचारलं, "आता किती?" सगळ्यांत आधी आमची ओरडली, "आठ!"

वर्ग खदाखदा हसला. बाईंनी जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "एकबी पांढरा न्हाई म्हंजी आठच की." बाईंना काही उमगेना. पोरांनी मात्र तिचं नाव 'रिकामी आठ' पाडलं. त्या दिवसापासून सृष्टीने शाळेत तोंडच मिटलं. ओसरीवरच्या पटाकडेही बघेना.

हे घरी आल्यावर असे कडाडले की विचारू नका. "बघा आबा तुमचा ख्योळ! व्हतं नव्हतं ते बी घालवलं!" आणि लगेच ताईंना, म्हणजे माझ्या नणंदेला, फोन लावला. आबा खाली मान घालून बसले. जेवले नाहीत. मला इतका राग आला ह्यांचा, आणि पोरांचा, आणि त्या मेल्या चिंचोक्यांचासुद्धा!

सकाळी आबांनी सृष्टीला हाक मारली. "ये. आजपासनं नियम बदलला. चार काळं म्हंजी शून्य. पाळी गेली."

आबांचा जुना सोबती महिपती चहाला आला होता. तो उसळलाच. "हौश्या, डोकं फिरलं का तुजं? बापजाद्यापासनं चार काळं म्हंजी आठ! डाव बाटवतो व्हय?"

"बापजाद्यांनी कुटं पोरी शाळंत धाडल्या?" आबा म्हणाले. "माझी जाती. तिला हसत्यात ते मला न्हाई चालायचं."

महिपती चहा अर्धा टाकून गेला. सृष्टी मात्र हळूच पटापाशी येऊन बसली. गंमत अशी, की नियम आबांनीच बदलला आणि विसरायचेही आबाच. चार काळे पडले की सवयीने "आठ!" म्हणून खडा उचलायचे, आणि ही त्यांचा हात धरायची. "आबा, चीटिंग! शून्य हाय ते!" पोरगी पुन्हा हसायला लागली. पण शाळेत काही बोलेना, आणि दिवाळी येऊन ठेपली.

निगडीला जायच्या दिवशी तिची बॅग मी भरली. भरताना डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. आबा म्हणाले, "जायच्या आदी येक डाव." हे चिडले, पण शेवटी बसले बघायला. लहानपणी गँगच्या खोपटात ह्याच चिंचोक्यांवर खेळलेले ना.

डाव रंगला. सृष्टीची शेवटची सोंगटी मधल्या घरापासून आठ घरं लांब, आबांचा शेवटचा खडा दोनच घरं. तिने चिंचोके टाकले. चारही काळे!

"आठ!" हे टाळी वाजवून ओरडले. "गेली घरात! जिंकली माझी वाघीण!"

सृष्टीने सोंगटीला हात लावला. मग तिने हात मागे घेतला.

"न्हाई पप्पा. पांढरा येकबी न्हाई, मग आठ कुटनं आलं? शून्य. माजी आठची आठ घरं राहिली." आणि चिंचोके आबांपुढे सारले. "आबांना दोन पायजेत. टाका आबा."

आबांनी टाकले, तर दोन पांढरे! त्यांनी खडा घरात नेला आणि डाव जिंकला. आजसुद्धा सोडला नाही हो!

"परत मांडा," सृष्टी फुरंगटून म्हणाली.

ह्यांनी बॅगेची चेन उघडली, तिचे केसांचे चिमटे काढले आणि सोंगट्या म्हणून स्वतःपुढे मांडल्या.

"रतन," मला म्हणाले, "ताईला फोन कर. म्हणावं, भाऊबीजंला समदीच येतो. आन् समदीच माघारी जातो."